कोनवडी नऊ, हिंगणवाडी पाच

“कोनवडी नऊ, हिंगणवाडी पाच,” गोसावीसाहेबांनी मोठ्यानं वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत चढवला आणि पुन्हा वाचलं. “कोनवडी नऊ. हिंगणवाडी पाच. कुलथेबाई, गठ्ठ्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?”

“नाही साहेब. दोनदा तपासलंय.”

“हिंगणवाडीत आपला कार्यक्रम ऐकू येतो ना?”

“स्पष्ट येतो.”

“आणि कोनवडीत?”

“तिथं रेडिओ लागतच नाही. चारी बाजूंनी डोंगर आहेत. नुसती खरखर येते. म्हणून तर तुलनेला ते गाव घेतलं.”

“म्हणजे ज्या गावाला आपण अकरा वर्षं विज्ञान ऐकवलं, त्याला बारापैकी पाच मार्क. ज्याला काही म्हणजे काही ऐकवलं नाही, त्याला नऊ.” साहेबांनी कागद टेबलावर पालथा घातला. “आणखी अकरा वर्षं ऐकवलं तर हिंगणवाडी शून्यावर येईल.”

एरवी मला हसू आलं असतं. पण पाहणी माझी होती.

ही चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, संख्याशास्त्राची एम.एस्सी. नुकतीच पहिल्या वर्गात झाले होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आमच्या घरात मला ‘फटाकडी’ म्हणत. रेडिओ केंद्रावर मला तीन महिन्यांची तात्पुरती नोकरी लागली होती आणि काम एकच: दर बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला लागणाऱ्या ‘असं का बरं?’ या कार्यक्रमाचा लोकांवर काही परिणाम होतो का, ते शोधून काढायचं.

कार्यक्रम पंधरा मिनिटांचा. त्यात चिंगी नावाची एक पोरगी मास्तरांना प्रश्न विचारायची. ग्रहण का लागतं, विजा चमकत असताना झाडाखाली का थांबू नये, जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी का द्यायचं. मास्तर समजावून सांगायचे. मी दोन गावं निवडली होती, दोन्हीकडच्या अठरा ते पंचवीस वयाच्या चाळीस-चाळीस बायकांना बारा प्रश्न विचारले होते. ऐकणाऱ्या गावाला जास्त मार्क पडले की कार्यक्रम उपयोगी, इतकं सरळ गणित. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं.

“येत्या शुक्रवारी नवं वेळापत्रक सही होऊन जाईल,” गोसावीसाहेब म्हणाले. “त्यानंतरच्या सोमवारपासून लागू. बुधवारी पावणेसहाला फर्माइशी गाणी टाकतोय. लोकांच्या पत्रांची पोती येतात गाण्यांसाठी. या कार्यक्रमाला महिन्याला चार पत्रं येतात, त्यातली दोन एकाच माणसाची.”

“साहेब, एकदा पुन्हा जाऊन बघू का?”

“बघा की. पण आकडे काय बोलतात ते ऐकायची हिंमत ठेवा. तुम्हीच म्हणाला होतात, आकडे खोटं बोलत नाहीत.”

म्हणाले होते खरी. पहिल्याच दिवशी, याच केबिनमध्ये, मान ताठ करून.

बाहेर बाकावर तासे मास्तर बसले होते. वामन तासे, हायस्कुलातून निवृत्त झालेले शास्त्राचे शिक्षक. वय बासष्ट, डोक्यावर केस औषधाला नाही, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पुढच्या तीन-चार बुधवारांचे कागद. कार्यक्रम लिहायचे तेच, मास्तर व्हायचे तेच आणि केंद्रावरच्या चार-पाच जणांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं, पण चिंगीही तेच व्हायचे. सुरुवातीला एक मुलगी ठरली होती म्हणे, ती आयत्या वेळी आली नाही. मास्तरांनी गळा बारीक केला आणि चिंगी बोलायला लागली, ती अकरा वर्षं थांबली नाही.

“काय लागला निकाल?” त्यांनी विचारलं.

“नापास.” माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, आताही फारसं नाही.

“मी की हिंगणवाडी?”

“दोघंही. हिंगणवाडीला पाच. कोनवडीला नऊ. गोसावीसाहेब गाणी टाकतायत.”

मास्तर थोडा वेळ पिशवीचे बंद सारखे करत बसले. आपण नीट सांगायला हवं होतं हे मला तेव्हा कळलं, पण बाण सुटून गेला होता. मग त्यांनी मान वर केली, तर चेहऱ्यावर चक्क कुतूहल.

“बारापैकी नऊ? रेडिओ नसताना? मग तिथं कोणीतरी आहे, बाई.”

“कोणीतरी म्हणजे?”

“एखादा मास्तर. नाहीतर एखादी नर्सबाई. कोणीतरी जीव तोडून शिकवतंय त्या पोरींना. त्याचा पत्ता काढा. मला भेटायचंय त्याला. मला जे अकरा वर्षांत जमलं नाही ते त्यानं कसं केलं, ते समजून घ्यायला हवं.”

मला मास्तरांचा भयंकर राग आला. माणसानं भांडावं, आदळआपट करावी, निदान पाहणीत खोट काढावी. आणि हे आपल्या जागी दुसरा कोण शिकवतोय त्याचं कौतुक करत बसले होते. दुसऱ्या दिवशी शनिवार, मला सुटी होती. सकाळची पहिली एस.टी. धरून मी कोनवडीला निघाले.

फाट्यावर उतरून दीड तास चालावं लागायचं. पोचले तेव्हा घामानं निथळत होते. गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत दहा-बारा बायका पेरणीसाठी बियाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्यांच्यातली एक सावळी, उंच बाई म्हणाली, “आल्या बगा फारमवाल्या बाई. आता काय राहिलं ओ इचारायचं?”

ही हौसा. पहिल्या फेरीत तिला बारापैकी अकरा मार्क मिळाले होते, म्हणून ती माझ्या लक्षात होती.

“एकच राहिलंय,” मी म्हटलं. “हे सगळं तुम्हाला शिकवलं कोणी?”

“आदी बसा तरी. च्या घ्या.”

मागच्या वेळी मी कोणाच्या घरी चहा घेतला नव्हता. कोणाशी चार शब्द बोलले नव्हते. माहिती देणाऱ्याशी गप्पा मारू नयेत, उत्तरांवर परिणाम होतो, असं मला शिकवलेलं. आज मी फॉर्म पिशवीतच ठेवले आणि मुकाट्यानं बसले. हातात चार शेंगा घेतल्या. दोन फुटल्या, दोन अंगठ्याला लागल्या.

“शिकवलं कुणी म्हंजे?” हौसा म्हणाली. “चिंगीच्या मास्तरनं.”

मी शेंग खाली ठेवली. “कोणाच्या?”

“रेडूवरची चिंगी ओ. तुमच्याच हापिसातली की. ठावं न्हाई व्हय तुमास्नी?” ती जरा पुढं सरकली. “बरं झालं आलात. आमाला कवापासनं इचारायचं हुतं. चिंगीला कुठं दिली?”

“दिली म्हणजे?”

“लगीन ओ. आमच्याच वयाची असंल ती. झालं असंलच की आता.”

सगळ्या जणी हात थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. चिंगी बासष्ट वर्षांची आहे आणि तिला टक्कल आहे, हे सांगायची माझी छाती झाली नाही. “अजून शिकतेय ती,” मी म्हटलं.

“चांगलं केलं,” हौसा म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

“पण थांबा,” मी म्हटलं. “कोनवडीत रेडिओ लागत नाही. मागच्या वेळी तुम्हीच सांगितलंत. ‘कार्यक्रम ऐकता का’, तर ‘न्हाई’. चाळीसच्या चाळीस जणींनी ‘न्हाई’ सांगितलं.”

“मग? हितं कुठं ऐकतोय आमी? तुमी इचारलं, ऐकता का. आमी म्हनलं, न्हाई. ऐकत हुतो का, असं कुठं इचारलं?”

“ऐकत होता? कुठं?”

“म्हायेरात.”

माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला, पण पहाटेचा पडतो तसा, हळूहळू. “तुमचं माहेर कुठलं?”

आणि सगळं अंगण हसलं. एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, हौसाची सासू, ठकूबाई. ती तर पदरात तोंड घालून हसत होती. “इचारलं बया एकदाचं,” ती म्हणाली. “मागल्या येळंला आमी समद्यांनी तुला इचारलं, बाई तुजं म्हायेर कुठलं. तर कशी म्हनलीस? ‘ते फारमात न्हाई.’”

म्हटलं होतं. अगदी त्याच ठसक्यात म्हटलं होतं. आणि फॉर्ममध्ये ते का नव्हतं, तेही आता सांगून टाकते. पहिल्या मसुद्यात होतं. नाव, वय, शिक्षण, माहेर. ऑफिसातल्या टायपिस्टनं सवयीनं रकाना टाकला होता आणि मी त्याच्यावर लाल रेघ मारली होती. बाईची ओळख बापाच्या गावावरून कशाला? जिथं राहते ते तिचं गाव. फार पुढारलेली होते ना मी. त्या रेघेचा मला अभिमान वाटत होता.

“हिंगणवाडी,” हौसा म्हणाली. “माजं म्हायेर हिंगणवाडी.”

“माजंबी,” शेजारची म्हणाली.

“माजंबी.” “माजंबी.” “मी पलीकडल्या खेड्यातली, पर ह्या तिगीबी हिंगणवाडीच्याच.”

मी कपाळावर हात मारला. शब्दशः मारला, शेंगांची माती कपाळाला लागली.

“अगं, हिंगणवाडीला पानी न्हाई,” ठकूबाई मला लहान मुलाला समजावावं तशी सांगायला लागली. “थितला बाप म्हनतो, माज्या लेकीनं जल्मभर डोईवर हंडा वाहू नये. हितं वढ्याला बारमाही पानी. म्हनून थितल्या पोरी हितं द्यायच्या. माजी सासू थितली, मी थितली, ही हौसा थितली. समदं गाव सोयऱ्याचं.”

“आणि हिंगणवाडीला सुना कुठून येतात?”

“त्येंच्यापरास कोरड्या गावच्या. पार सरहद्दीकडनं. त्या बिचाऱ्यांनी रेडू बघितला असंल नसंल.”

“पण आता तिथं ऐकत असतील ना?”

यावर हौसानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी आणखीच लहान झाले. “सूनबाई पावणेसाला कुठं आसती, बाई? चुलीम्होरं. रेडू साळंच्या खिडकीत. गुरुजी खिडकीत ठेवायचे आन आमी पोरी भाईर बसायचो, शेरडं घिऊन. सात वर्सं मी एक बुधवार चुकवला न्हाई. लगीन ठरलं तवा बा म्हनला, कोनवडीला पानी हाय. मी म्हनलं, पर रेडू लागत न्हाई.” ती हसली. “पानी जितलं.”

मी पिशवीतून मागच्या वेळी भरलेले चाळीस फॉर्म काढले. ज्या रकान्यावर मी रेघ मारली होती तो समासात हातानं आखला आणि घरोघर फिरले. त्या दिवशी मी सात कप चहा प्याले. चाळीसपैकी एकतीस जणी हिंगणवाडीच्या. उरलेल्या नऊ इकडच्या तिकडच्या. मला एकीनं उलट विचारलंच, “आन तुमचं?” मी सांगितलं, माझं अजून लग्न झालं नाही, माझं सगळंच माहेर. ती म्हणाली, “मग तुमाला काय कळनार. सासर आलं की म्हायेर कुठलं ते कळतं.”

रविवारी मी हिंगणवाडीला गेले. तिथल्या चाळीस जणींत गावातच दिलेल्या लेकी पाच, बाकी पस्तीस जणी लांबून आलेल्या. सोमवारी मी ऑफिसात ऐंशी फॉर्म टेबलावर मांडले आणि नव्यानं वाटणी केली. गावावरून नाही, माहेरावरून. लहानपणी ‘असं का बरं?’ ऐकलेल्या एकीकडं, न ऐकलेल्या दुसरीकडं. बेरीज केली, भागाकार केला. ऐकलेल्या छत्तीस जणींची सरासरी बारापैकी दहा. न ऐकलेल्या चव्वेचाळीस जणींची जेमतेम साडेचार. मी खुर्चीवरून उठले आणि रिकाम्या खोलीत एकटीच हसत सुटले. शिपाई दार उघडून बघून गेला.

मंगळवारी गोसावीसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“आधी गावानं लावलं, आता माहेरानं,” ते म्हणाले. “उद्या नाकाच्या लांबीनं लावाल. कुलथेबाई, तुम्हाला मास्तरांबद्दल आपुलकी आहे, मलाही आहे. पण निकाल मनासारखा लागेपर्यंत पत्ते पिसायचे, याला पाहणी म्हणत नाहीत.”

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि जास्त टोचून.

“मग तुम्ही स्वतः चला,” मी म्हटलं. “फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारा. तुमच्या मनचा. पाठ केलेलं असेल तर लगेच उघडं पडेल.”

साहेब विचारात पडले. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, पण कार्यक्रम ऐकणाऱ्यांच्या दारात ते फारसे कधी गेले नव्हते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. “गुरुवारी जीप मोकळी आहे,” ते म्हणाले.

“मास्तरांनाही नेऊ.”

“नेऊ. पण त्यांनी तिथं तोंड उघडायचं नाही. एक अक्षर बोलायचं नाही. कोण आहेत ते सांगायचंही नाही.”

मध्ये बुधवार आला. मास्तरांनी शेवटचा म्हणून भाग वाचला. वाचून बाहेर आल्यावर मी विचारलं, चिंगीला निरोप का घ्यायला लावला नाहीत? म्हणाले, “लहान पोर आहे ती. रडली असती.” आणि नाक शिंकरायला म्हणून बाजूला गेले.

गुरुवारी दुपारी आम्ही कोनवडीत पोचलो तेव्हा बायका तिथंच बसल्या होत्या, शेंगांचा ढीग निम्म्यावर आला होता. मी गोसावीसाहेबांची ओळख करून दिली. मास्तर ठरल्याप्रमाणे मागं एका ओट्याच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसले. जीपचा ड्रायव्हर समजून कोणीतरी त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

साहेबांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि हौसापाशी थांबले. “तुम्ही सांगा. पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?”

मी दचकले. हा प्रश्न माझ्या बारांत नव्हता. अकरा वर्षांच्या कार्यक्रमांची यादी मी वाचली होती, तीतही नव्हता.

“ह्ये चिंगीनं इचारलं न्हाई कदी,” हौसा म्हणाली.

“मग येत नाही?”

“तसं कुठं म्हनलं? थांबा. इचार करते.”

ती खरोखर विचार करायला लागली. हातातली शेंग फुटत नव्हती, डोळे समोरच्या ढिगावर. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं.

“हिवाळ्यात सुटत न्हाई,” हौसा सावकाश म्हणाली. “उन्हाळ्यात सुटत न्हाई. मीठ त्येच, बरनीबी तीच. बरनी चुलीजवळ ठिवली की पावसाळ्यातबी कमी सुटतं. म्हंजी पानी मिठातलं न्हवं. भाईरनं येतंय. हवेत जी वल असती, ती मीठ वढून घेतंय.”

“नुसतं म्हणून चालत नाही. खरं कशावरून?”

“मी दोन बरन्या ठिवीन. एकीचं त्वांड मेनाच्या कागदानं घट बांधीन, एकीचं उगडं. आठ दिसांनी बगीन. बांदलेलीला सुटलं तर मी चुकले.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कुनी न्हाई,” हौसाला जरा राग आला होता. “तुमच्याम्होरंच इचार केला की.”

साहेब काही बोलणार तेवढ्यात मागून एका लहान मुलीचा आवाज आला. खणखणीत, लाडिक, ओळखीचा.

“असं का बरं?”

एकूण एक बाईचे हात थांबले. हौसा उभी राहिली, मांडीवरच्या शेंगा भसकन खाली. “चिंगी,” ती म्हणाली. आणि सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. ओट्याच्या मागं, जीपच्या आड, कोपऱ्यात. ओट्यावर फक्त एक टकलू म्हातारा बसला होता आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

“माफ करा साहेब,” तासे मास्तर हाताआडून म्हणाले. “मी नाही बोललो. ती बोलली.”

त्यांच्या नेहमीच्या आवाजात हे वाक्य आलं आणि मग काय विचारता. “मास्तर” म्हणून एकच कल्ला झाला. कोणी पदर डोक्यावर घेतला, कोणी पाया पडायला धावली, कोणी पोरं आणायला घरात गेली. हौसा मात्र कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढं उभी राहिली.

“मास्तर तुमी. आन चिंगी?”

“तीही मीच, बाळ.”

हौसा बराच वेळ त्यांच्या टकलाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडते की काय. ठकूबाई पलीकडून म्हणाली, “अगं बया, म्हनून लगीन जमंना व्हय तिचं.” आणि हौसाला जे हसू फुटलं ते तिला आवरेना, तिला बघून आम्हाला आवरेना, गोसावीसाहेबांनी पाठ फिरवून खिशातला रुमाल काढला. मास्तर हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ज्या मास्तराचा पत्ता काढायला त्यांनी मला पाठवलं होतं, तो मी त्यांना आणून दाखवला होता. त्या क्षणी मला जितका आनंद झाला तितका पुढं मला पदव्या मिळाल्या, बढत्या मिळाल्या, तेव्हाही झाला नाही.

मग प्रश्न सुरू झाले. कोणाचे चार वर्षांपूर्वीचे, कोणाचे सहा. सासरी आल्यापासून साठवून ठेवलेले. मास्तरांना चहा प्यायला उसंत देईनात. निघायची वेळ झाली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा हौसा पुढं आली.

“माजा एक ऱ्हायला. हिंगणवाडी डोंगराच्या त्या अंगाला, आमी ह्या अंगाला. मदी दोन कोस. तितं रेडू लागतो आन हितं का लागत न्हाई?”

मास्तर खुलले. “फार छान प्रश्न. त्याचं असं आहे—”

“आता नगं,” हौसानं हात वर केला. “एका बुधवारी इचारायचं, दुसऱ्या बुधवारी सांगायचं. असंच हुतं की तुमचं. आमी आठवडाभर भांडायचो पोरी. इचार केल्याशिवाय उत्तर घेतलं तर काय मज्जा.”

“पण इथं तर ऐकू येत नाही तुम्हाला.”

“धाकटी भैन हाय की हिंगणवाडीला. ती बसती खिडकीभाईर. पंचमीला म्हायेरी गेले की तिला इचारीन. तवर आमी हितं भांडतो.” बाकीच्या जणी ‘व्हय व्हय’ म्हणाल्या. “बुधवारी सांगा, मास्तर.”

मास्तरांनी पिशवीतल्या कागदांवर हात ठेवला. त्यांच्याकडं द्यायला बुधवार नव्हता. तिला खोटंही सांगवेना आणि खरंही सांगवेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी साहेबांकडं बघितलं. बायकांना काही कळलं नाही, त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

गोसावीसाहेब जीपचं दार धरून उभे होते. त्यांनी डोंगराकडं पाहिलं, मग हौसाकडं.

“बुधवारी,” ते म्हणाले. “पावणेसहाला. सांगतील मास्तर. बावीस वर्षं रेडिओत आहे मी, पण हे मलाही ऐकायचंय.”